हरणाला शिक्का वाचता येत नाही

नोव्हेंबर लागला की आमच्या विस्कॉन्सिनमध्ये माणसं दोन गटांत विभागली जातात. एक, ज्यांना थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची काळजी असते ते. आणि दुसरे, ज्यांना त्याच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या हरणशिकारीची काळजी असते ते. मी गेली काही वर्षं दुसऱ्या गटात आहे. (आई, पुढचं वाचू नकोस. किंवा वाच, पण फोन करू नकोस!)

तर परवा नेम तपासायला रेंजवर गेलो होतो. थंडी मरणाची. शेजारच्या टेबलावर तीन आजोबा थर्मासमधली कॉफी पीत बसले होते आणि विषय नेहमीचाच. हल्लीच्या रायफली म्हणजे प्लास्टिकची खेळणी, हल्लीची काडतुसं म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी, खरी रायफल १९६४च्या आधीची, खरं काडतूस थर्टी-ऑट-सिक्स, बाकी सगळा कचरा. पलीकडे एक विशीतली मुलगी आपली नवी ६.५ क्रीडमूर घेऊन एकटीच सराव करत होती. तिच्याकडे बघून एकाने अंबाड्यावरचा तो ठरलेला विनोद केला. (क्रीडमूर म्हणजे डोक्यावर अंबाडा बांधणाऱ्या पोरांचं काडतूस, असं इथले जुने लोक म्हणतात.) तिघे हसले. मुलगी नाही हसली. अर्ध्या तासाने सामान आवरून निघून गेली.

मी काहीच बोललो नाही. त्याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थर्टी-ऑट-सिक्समधलं ३० म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचाचे तीस शतांश, आणि ०६ म्हणजे १९०६ साल. अमेरिकन लष्कराने त्या वर्षी हे काडतूस स्वीकारलं आणि तिथून ते शिकाऱ्यांकडे आलं. १९६४चं प्रकरण असं की विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० नावाची रायफल १९३६पासून निघत होती. १९६४ साली खर्च वाचवायला कंपनीने तिची घडण बदलली. काडतूस पकडून ठेवणारा मोठा पोलादी पंजा काढून टाकला, लाकडावरची हाताने कोरलेली नक्षी गेली, तिथे दाबून उठवलेली आली. लोक भडकले, आणि ते रास्तच होतं. तेव्हापासून आधीची ती अस्सल, नंतरची ती नक्कल. पुढे १९९०च्या दशकात कंपनीने तो पंजा परत आणला, तरी भक्तमंडळी काही परत आली नाहीत. म्हणजे भक्ती पंज्याची नव्हतीच!

आता माझं म्हणणं. 'जुनं ते सोनं' म्हणणारे हे लोक ज्याला सोनं म्हणतात ते त्या काळातलं नवंकोरं खूळच होतं. इतिहास बघा. .३०-३० हे काडतूस १८९५ साली आलं तेव्हा बिनधुराची दारू आणि बारीक गोळी ही ताजी फॅशन होती. .२७० विंचेस्टर १९२५ साली आलं. आज ते आजोबांचं काडतूस म्हणून ओळखलं जातं, पण ते इतकं लोकप्रिय झालं त्यात 'आउटडोअर लाइफ' मासिकात वर्षानुवर्षं त्याची बाजू मांडणाऱ्या जॅक ओकॉनरचा वाटा मोठा होता. त्याच्या विरोधात एल्मर कीथ. त्याला जाड, जड गोळी हवी. दोघांचं भांडण इतकी वर्षं चाललं की आज लोक त्या भांडणाच्याही आठवणी काढतात.

आणि .२८० रेमिंग्टनची गोष्ट तर मला फारच आवडते. १९५७ साली आलं, हवं तितकं चाललं नाही. म्हणून १९७९ साली त्याच काडतुसाचं नाव बदलून सेव्हन एमएम एक्सप्रेस केलं. मग लोकांचा त्याच कंपनीच्या सेव्हन एमएम मॅग्नमशी घोटाळा व्हायला लागला, तेव्हा परत .२८०. दारू तीच, गोळी तीच, बारसं तीनदा! हा सगळा व्यवहार त्या सुवर्णयुगातलाच आहे बरं का. जाहिरातबाजी हल्ली सुरू झाली असं म्हणणाऱ्यांनी तेवढं लक्षात घ्यावं.

राहता राहिली ती बिचारी क्रीडमूर. ती २००७ साली आली, मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी. पण स्वीडनमध्ये ६.५ बाय ५५ हे जवळजवळ तेवढ्याच ताकदीचं, त्याच जाडीची गोळी उडवणारं काडतूस १८९४पासून आहे आणि तिथले लोक त्याने मूस मारत आले आहेत. मूस म्हणजे घोड्याएवढं जनावर. म्हणजे रेंजवरचे आजोबा ज्या 'नव्या फॅडला' हसत होते, त्याची चुलत पणजी त्यांच्या थर्टी-ऑट-सिक्सपेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे.

तुम्ही म्हणाल, तू नव्याची वकिली का करतोस? नाही करत. नव्यातही भरपूर थोतांड आहे. २००१ नंतर दोन-तीन वर्षं आखूड मॅग्नमांची लाट आली होती. त्यातली काही काडतुसं आता दुकानात शोधून सापडत नाहीत, आणि त्या रायफली घेतलेले लोक हात चोळत बसलेत. तेव्हा आजोबांची शंका खोटी नाही. चूक आहे ती पुढची उडी, की जे मी तरुणपणी वापरलं तेच जनावरासाठी योग्य.

ही उडी मीही मारली होती, म्हणून हे लिहितोय.

आमच्या आजोबांकडे .३१५ची रायफल होती, हे नातेवाईकांना माहीत आहेच. चंद्रपूरकडची शेती, रानडुकरांचा त्रास, त्यामुळे लायसन्स. लहानपणी कपाट उघडलं की जवसाच्या तेलाचा आणि जुन्या लाकडाचा एक वास यायचा. तो माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. आमच्या घरातही त्या .३१५चं कौतुक असं चालतं, की जणू आजोबांनी शंभर काडतुसांतून पारखून ती निवडली. काका, रागावू नका, पण तसं नव्हतं. लष्करी मापाची हत्यारं सामान्य माणसाला मिळत नसत, म्हणून सरकारी कारखान्याने एका जुन्या ऑस्ट्रियन काडतुसावर बेतलेली ही रायफल बनवली. जी मिळत होती ती आजोबांनी घेतली. निवड कायद्याने केली होती. इंग्रजांच्या काळातही तेच. हिंदुस्थानात .४५० मापाच्या रायफलींवर बंदी आली म्हणून तर .४७०सारखी मापं जन्माला आली. आज शौकीन ज्यांच्यावरून जीव ओवाळून टाकतात, त्यातल्या कितीतरी मापांचा बाप कारकून आहे!

तर मी इथे आलो, शिकार शिकलो, आणि एका घरगुती लिलावात १९६४च्या आधीची मॉडेल ७० दिसली. थर्टी-ऑट-सिक्स. हातात घेतली आणि तोच वास. किंमत सांगत नाही (बायको हे वाचते). रेंजवरच्या याच आजोबांनी तेव्हा पाठ थोपटली होती. फार बरं वाटलं होतं.

खरं सांगायचं तर ती मला झेपत नव्हती. दस्त्याच्या टोकाला पोलादी पत्रा, रबर नाही. हलक्या क्रीडमूरच्या साधारण दीडपट धक्का. दहा बार झाले की खांदा दुखायचा, आणि मग बार व्हायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. त्यातून लाकडावर ओरखडा पडेल म्हणून सरावाला नेणंही कमीच. सगळं कळत होतं. पण ती बदलून काहीतरी हलकं, प्लास्टिकच्या दस्त्याचं घ्यायचं म्हणजे कमीपणा वाटत होता.

त्या वर्षी मोसमाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, मचाणाखाली एक मादी आली. फार तर ऐंशी यार्ड. चाप ओढताना डोळे मिटले हे मला आजही आठवतं. ती कमान होऊन उडाली आणि झाडीत गेली. शेजारच्या शेतकरी आजोबांना बोलावलं. टॉर्चच्या उजेडात पानांवर रक्त थोडं आणि हिरवट पाणी जास्त. त्यांनी बोट लावून वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "पोटात." रात्री मागे लागलो तर ती आणखी पळेल म्हणून थांबलो. सकाळी सापडली. कायोटींनी अर्धी खाल्लेली होती. ती किती वेळ जिवंत होती, याचा हिशोब मी करत नाही.

परतताना मी माझ्या रायफलबद्दल काहीबाही बोलत होतो. ते म्हणाले, "हरणाला नळीवरचा शिक्का वाचता येत नाही." स्वतः ते .३०-३० वापरतात, वडिलांची. पण उन्हाळाभर सराव करतात, आणि शंभर यार्डांपलीकडे बार काढत नाहीत. जुनी वस्तू वापरायचा हक्क मिळवायचा असेल तर तो असा मिळतो.

म्हणून मला या आठवणींच्या उमाळ्याचा राग येतो. वडिलांची आठवण येते, तर तसं म्हणा ना. डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी हसणार नाही. पण 'वडील गेले' हे म्हणवत नाही म्हणून 'हल्लीची काडतुसं भिकार' म्हणायचं, आणि ते एका नवख्या मुलीच्या अंगावर फेकायचं, हे बरं नाही. ती परत आली नाही तर नुकसान यांचंच आहे. इथे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७च्या कायद्यामुळे त्यातून वन्यजीवांचं काम चालतं. माणसं घटली तर ते कोण चालवणार?

हीच गोष्ट शिशाची. गोळीतल्या शिशाचे कण मांसात पसरतात हे एक्स-रेमध्ये दिसतं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. पण तांब्याच्या गोळीचं नाव काढा, की "आम्ही लहानपणापासून खातोय, आम्हाला काय झालं?" माझी मुलगी ते मांस खाते हो. तिच्या ताटात मला कोणाच्या आठवणी नकोत.

आणि काका, आपल्याकडच्याही आठवणींबद्दल एक. त्या काळातल्या शिकारीच्या गप्पा रंगतात तेव्हा आपण शेवटचं पान वाचत नाही. १९७२च्या गणनेत भारतात १,८२७ वाघ निघाले, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. २०२२चा अंदाज ३,६८२. आजोबांची रायफल कपाटातून पोलीस ठाण्यात जमा झाली, याचं आपण दुःख करतो. मला आता वाटतं, तो त्या रायफलीच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस असेल.

असो. माझी मॉडेल ७० मी विकली नाही. वर्षातून दोनदा तेल लावतो, वास घेतो, परत ठेवतो. मोसमात मी .२४३ नेतो, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, दिसायला भिकार. गेल्या वर्षी नऊ दिवस बसलो, एकदाही बार काढला नाही.

शनिवारी परत रेंजवर जाणार आहे. ती मुलगी दिसली तर तिच्या शेजारचं टेबल घेईन म्हणतो. आणि आजोबांनी तो विनोद पुन्हा केला, तर या वेळी बोलेन.