चिखलातला उतार आणि चालकाचा हक्क

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की ती काढायला पोकलेन चढवले जाते. लाईन लवकर मोकळी व्हावी, अडकलेले प्रवासी आणि टपाल पुढे जावे, असे आम्हालाही वाटते. परंतु ओल्या उतारावरची घाई म्हणजे कामगाराच्या जिवाशी खेळ आहे, असे आमचे ठाम मत आहे.

ओल्या डोंगराचा भरवसा नसतो. २२ जून २००३ रोजी कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासच्या आसपास प्रवासी दगावले. मणिपुरात जिरिबाम–इम्फाळ मार्गाच्या कामावर तुपुल येथे ३० जून २०२२ रोजी डोंगरच खाली आला. त्यात जवान आणि कामगार मिळून पन्नासहून अधिक जीव गेले.

चेनवरचे यंत्र कुठेही चढते, हा गैरसमज आहे. चेनच्या खाचा चिखलाने भरल्या की पकड सुटते. म्हणून उतारावर सरळ चढावे, सरळ उतरावे. आडवे जाऊ नये, वळू नये. चालताना बकेट जमिनीलगत ठेवावी, म्हणजे घसरल्यास ती टेकवून यंत्र रोखता येते. भरलेली बकेट उताराकडे फिरवू नये. तोल तिथेच जातो. काठावर काम करताना चेन काठाशी काटकोनात ठेवावी, म्हणजे धोका दिसताच सरळ मागे येता येते. दरडीचा पायथा कोरू नये. पट्टा बांधावा, यंत्र उलटताना उडी मारणारा बहुधा त्याखालीच सापडतो.

अनुभवी चालकाला हे सारे ठाऊक असते. पण तो ठेकेदाराचा माणूस. "आता थांबतो" म्हणाला तर उद्या त्याच्या जागी दुसरा येतो. आणि त्याच उताराखाली आपला ट्रॅकमन फावडे घेऊन उभा असतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. उतारावर नवी भेग दिसली किंवा माती सरकू लागली, तर काम थांबवण्याचा हक्क चालकाला लेखी द्यावा आणि त्याबद्दल त्याची मजुरी कापू नये. वरच्या बाजूला शिट्टी घेऊन एक माणूस फक्त डोंगरावर नजर ठेवण्यासाठी असावा. यंत्र चालू असताना खाली कोणालाही उभे करू नये.

बंधूंनो, ठेकेदाराचा चालक आपल्या युनियनचा सभासद नसेल, तरी त्याच्यासाठी भांडणे हे आपलेच काम आहे. लाईन चार तास उशिरा सुरू झाली तरी चालेल. गेलेला माणूस परत येत नाही.