विश्लेषण : युरोपची द्राक्षे तपासलेली, मंडईतली का नाहीत?

युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय ती जहाजात चढत नाहीत. त्याच जिल्ह्यातली द्राक्षे पुण्याच्या महात्मा फुले मंडईत आली, की त्यांवर कोणते औषध कधी फवारले होते, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा फरक कशामुळे?

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. त्यानुसार मंडईतल्या छोट्या भाजीविक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. मात्र याच कायद्याच्या कलम १८ ने शेतकरी आणि शेतातले पीक त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणजे कीटकनाशक फवारले जाते तिथे हा कायदा पोहोचत नाही. जबाबदारी सुरू होते ती माल बाजारात आल्यावर.

विक्रेत्याच्या हातात किती?

गाळा स्वच्छ ठेवणे, चांगले पाणी वापरणे, बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेली फळे न ठेवणे, एवढे त्याने करायलाच हवे. पण तो पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल उचलतो, तेव्हा अनेक शेतांचा माल एकत्र झालेला असतो. औषधाचा अंश डोळ्यांना दिसत नाही. जे कळूच शकत नाही, त्याचा दंड भरून नियमपालन वाढत नाही. हप्त्याची वाट तेवढी रुंद होते.

नमुने घेतले तर?

अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, असे कायदा म्हणतो. मेथीची जुडी दोन दिवसांत संपते. अहवाल येईपर्यंत ती भाजी पुणेकरांच्या पोटात गेलेली असते.

द्राक्षांना कसे जमले?

२००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे युरोपात अडली. त्यानंतर ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ उभारले. त्यात बागेची नोंदणी, बागेतूनच नमुना आणि पेटीपासून बागेपर्यंतचा माग, अशी साखळी आहे. या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे पुन्हा फटका बसला, तेव्हा तपासणीच्या यादीत त्याचीही भर पडली. शेतकऱ्याने हे स्वीकारले, कारण नियम पाळणाऱ्याला निर्यातीचा भाव मिळत होता आणि चूक कोणाची हे कळत होते. मंडईत या दोन्ही गोष्टी नाहीत.

मग उपाय कोणता?

तपासणी गाळ्यावरून गुलटेकडीला न्यावी. तिथे आडत्याकडे शेतकऱ्याचे नाव आणि गाव नोंदलेले असते. आवकेतून रोज थोडे नमुने घ्यावेत, निकाल दर आठवड्याला फलकावर लावावेत. अंश जास्त निघाल्यास त्या शेतकऱ्याला आधी कृषी विभागाने सल्ला द्यावा. पुन्हा तसेच घडले तर त्याच्या पुढच्या मालाला तपासणीची अट घालावी.

यामुळे भाजी महागेल, हा आक्षेप येईल. पण इथे प्रत्येक पाटी तपासायची नाही. थोड्या नमुन्यांचा खर्च बाजार समितीच्या शुल्कातून निघायला हवा. परदेशी ग्राहकासाठी उभी राहिलेली व्यवस्था गावातल्या ग्राहकासाठी परवडत नाही, हे म्हणणे पुणेकरांनी मान्य करू नये.