मीठ आमचे, रूळ कुणाचे?

शेतकरी बांधवांनो, रापणकार भावांनो,

हे भोपाळ शहरातल्या बाग सेवनियातून लिहितो आहे. वास्कोहून दिल्लीला जाणारी गोवा एक्स्प्रेस याच बाजूने धडधडत जाते. गाडी एकच, पण तिच्या वाटेतल्या दोन जुन्या मार्गांची जन्मकथा वेगळी आहे. ती ऐका, म्हणजे आपले काय झाले ते उमजेल.

इथला इटारसी-भोपाळ मार्ग 1884 साली सुरू झाला. इंग्रजांचा रेटा होताच, पण भोपाळच्या शाहजहान बेगमेने दरबारचा पैसा घातला आणि मालकीत वाटा राखला. आणि आपला मुरगावचा मार्ग? तो कुणाच्या जिवावर झाला?

पोर्तुगालने 26 डिसेंबर 1878 रोजी इंग्रजांशी तह केला. दोन्ही मुलखांतली जकात उठवायची, मुरगावला बंदर बांधायचे, तिथून घाटावर रेल्वे न्यायची. बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा! आगरात मीठ किती पिकवायचे हे आगराच्या धन्याने नव्हे, साहेबाने ठरवायचे. माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या मानेवर अबकारी बसली ती वेगळीच. या सौद्यापोटी इंग्रज सरकार पोर्तुगीजांना वर्षाला 4 लाख रुपये मोजत होते, आणि तेच पैसे रेल्वे कंपनीच्या व्याजाच्या हमीला बांधले गेले. कंपनी लंडनची, नाव ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’. गॅरंटी भागधारकाला, मिठागरात राबणाऱ्याला कसली? 1892 साली तह मोडला. आगरे बुडायची ती बुडाली होती. साहेबाच्या व्याजाची हमी मात्र चालूच राहिली.

मार्ग 1888 साली पुरा झाला. मुरगाव, वास्को, दाबोळी, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, काले, कुळे, आणि मग घाट. 37 फुटांना 1 फूट असा तो चढ! नाव दिले ब्रागांझा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचे घराणे. डोंगर आपला, घाम मजुरांचा, नाव राजाचे. दूधसागरासमोरून गाडी कॅसलरॉक, तिनईघाट करीत लोंढ्याला पोचते. तिथे पुढची गाडी होती ‘सदर्न मराठा रेल्वे’ची. गंमत पाहा, घाटावरचा मुलूख मराठ्यांचा हे इंग्रजांनी कंपनीच्या नावातच लिहून ठेवले होते. आपल्याच काही शहाण्यांना ते पुढे दिसेना.

हा दुवा दोनदा तुटला. 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, भारताने सीमा बंद केली आणि रेल्वेची वाहतूक थांबली. 1961 साली गोवा मुक्त झाल्यावर ती जखम भरली. दुसरी अजून भरलेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव-खानापूरचा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात ढकलला गेला, त्यातच लोंढा. आणि 16 जानेवारी 1967 च्या कौलात आपण 34,021 मतांनी हरलो. ‘फुला’ला 1,38,170, ‘दोन पानां’ना 1,72,191. म्हणजे घाटाखालचा मराठी माणूस एका राज्यात, घाटावरचा दुसऱ्या राज्यात, आणि महाराष्ट्रात कुणीच नाही!

आज काय चालले आहे? मुरगावला परदेशी कोळसा उतरतो आणि याच रुळांवरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. मार्गाचा कारभार हुबळीहून चालतो. दुसरा रूळ टाकायचा घाट घातला आहे. प्रवाशांच्या सोयीसाठी, असे रेल्वे सांगते. वेळसावच्या किनाऱ्यावर घरांना खेटून रूळ जातात; त्या घरातल्या बाईला विचारा सोय कुणाची! नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरला लोक रात्रभर जागे राहून रुळांवर बसले. तिनईघाट ते कुळे या घाटातल्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. लढणाऱ्यांत विलीनीकरणाला विरोध केलेल्यांची मुलेही आहेत. त्यांना आमचा रामराम. या लढ्यात ते आमचेच.

पण त्यांना एक विचारायचे आहे. अस्मिता राखण्यासाठी वेगळे राहिलात ना? मग लोकसभेत गोव्याची माणसे किती? दोन. महाराष्ट्राची अठ्ठेचाळीस. महाराष्ट्रात असतो तर कोळसा आलाच नसता, असे खोटे मी सांगणार नाही. रायगड-रत्नागिरीच्या कोळ्यांनाही बंदरांनी आणि कारखान्यांनी कमी छळलेले नाही. पण तिथला कोळी ओरडला तर मुंबईच्या विधिमंडळात ठिणगी पडते, आणि दिल्लीला ती मोजावी लागते. आपली दोन माणसे ओरडली तर दिल्लीत कोण वळून पाहतो?

तेव्हा वेळसाव, कासावली, माजोर्डा, चांदर, सावर्डे, कुळे इथल्या भावांनो, रुळांच्या कडेच्या जमिनीचे कागद घरातून बाहेर काढा. नकाशा सर्व्हे खात्याकडून मागून घ्या, जुना आणि नवा दोन्ही. हद्दीचा दगड कुठे होता आणि आता कुठे सरकला ते म्हाताऱ्यांना सोबत नेऊन पाहा. पुढच्या ग्रामसभेत ते कागद टेबलावर ठेवा आणि ठरावाची एक प्रत खानापूर-लोंढ्याच्या मराठी बांधवांना पाठवा.