करडाचा चीक अडवू नका

तलासरीच्या पाड्यांवर शेळी म्हणजे अडीअडचणीची पुंजी. परंतु ती व्याल्यावर वार पडेपर्यंत करडास पाजू नये, असे सांगणारे अजून भेटतात. हा कोठला न्याय? उलट करडू आचळ ओढू लागले म्हणजे वार लवकर पडते! रोगाशी झुंजण्याची शक्ती करडास आईच्या पोटात मिळत नाही. ती चिकातूनच येते, आणि 24 तासांनंतर त्याचे आतडे ती घेत नाही. म्हणून नाकातोंडातील चिकटा पुसावा, नाळेस आयोडीन लावावे व तासाभरात चीक पाजावा. दोन किलोच्या करडास दिवसभरात 200 मिलीलिटर, तोही थोडाथोडा. मग करडू मेले म्हणून भगताकडे कोंबडे न्यावे लागणार नाही. पावसाळ्यात मात्र ओल्या जमिनीवर ठेवू नये. बांबूचा उंच माच बांधावा.