हार्ड डिस्कची लिपि

२०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मराठवाड्यांतील जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें त्यांतील पुष्कळ कागद उर्दूंत, कांहीं मोडींत. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारे मात्र शोधून आणावे लागले.

ज्यांच्या घरीं मुलें पुण्याहून किंवा परदेशांतून हार्ड डिस्क घेऊन येतात, त्या वाचकांनीं हा प्रकार ध्यानीं ठेवावा. विंडोज, मॅक व लिनक्स यांच्या डिस्कवर लिहिण्याच्या पद्धति निरनिराळ्या आहेत. विंडोजची एनटीएफएस १९९३ सालापासूनची, मॅकची एपीएफएस २०१७ सालची. मॅक एनटीएफएस वाचतो, पण आपण होऊन तींत लिहीत नाहीं. लिनक्स ती वाचतो व लिहितोहि. विंडोजला मात्र एपीएफएसचें एक अक्षर लागत नाहीं.

येथवर कांहींच बिघडलेलें नसतें. परंतु लिपि उमजली नाहीं म्हणजे विंडोज पुष्कळदां ‘मला हें वाचतां येत नाहीं’ असें प्रांजळपणें सांगत नाहीं. डिस्क वापरण्यापूर्वीं फॉर्मॅट करावी लागेल, करूं काय, असें विचारतो. मोडी न येणाऱ्या कारकुनानें ‘हे कागद धुऊन कोरे करूं का?’ म्हणावें, तशांतलेंच हें! अंबाजोगाईस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळींत असेंच झालें. घरच्या पोथ्यांचीं छायाचित्रें आणि आजोबांनीं म्हटलेलें रुद्र नातवानें मॅकवरून डिस्कवर उतरवून ठेवलें होतें. आजोबा आतां नाहींत. घरच्या संगणकावर तो प्रश्न उमटला. चिरंजीव ‘होय’ म्हणावयास निघाले होते. सूनबाईंनीं हात धरला आणि केबल काढून ठेविली. चार दिवसांनीं नातू आला, त्याच्या संगणकास डिस्क लाविली, आणि आजोबांचा तो खर्जांतला स्वर सर्वांनीं ऐकला. सूनबाईंचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

तिघांसहि कळणारी बालबोध म्हणजे एक्सफॅट. ती मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं आणली. २०१९ सालीं तिचें विवरण खुलें केल्यावर लिनक्सच्या गाभ्यांतहि तिला जागा मिळाली. जुनी फॅट३२ सर्वांस कळते, पण तींत चार जीबीची एक फाइल मावत नाहीं, आणि हल्लींच्या लग्नाचें चित्रण त्याहून सहज मोठें असतें. म्हणून नवी डिस्क कोरी असतांनाच एक्सफॅट करून घ्यावी. भरलेली असल्यास आधीं सगळें दुसरीकडे उतरवावें, कारण लिपि बदलतांना जुनें पुसलें जातें.

एक उणीव मात्र आहे. एनटीएफएस आपल्या कामाची रोजनिशी ठेवते, एक्सफॅट ठेवीत नाहीं. लिहितां लिहितां वीज गेली किंवा कोणीं केबल ओढली, तर घोटाळा व्हावयाचा. आणि आमच्याकडे वीज केव्हां जाईल हें कोणत्याच पंचांगांत सांपडत नाहीं. तेव्हां ‘इजेक्ट’ केल्यावांचून केबल काढूं नये, आणि पोथ्यांसारखें कांहीं असेल तर दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या गांवीं ठेवावी.