हळद चमचाभर, दावे पोतंभर



पलूस भागात हळद काढणी जोरात आहे. अंकलखोप, भिलवडीकडनं पलूसपर्यंत कुठंही जावा, कुकरची वाफ आणि शिजलेल्या हळदीचा वास. आणि ह्याच दिवसांत मोबाईलवर दरवर्षीचा पाऊस सुरू होतो. हळदीत लोह भरपूर, रक्त वाढतं. हळदीनं कॅन्सर बरा होतो. रोज दोन चमचे हळद खा आणि दवाखाना विसरा. हे मेसेज पुढं ढकलणारे निम्मेअधिक आपणच असतो, पिकवणारे. जेवढं कौतुक तेवढा दर, असा आपला हिशोब. मला हा हिशोब पटत नाही. ह्या कौतुकानं आपलंच नुकसान होतंय, आणि ते कसं ते सांगायला आज लिहितोय. लांब होईल, पण वाचा.

आधी आकडे घेऊ. घरात माणशी दिवसाला साधारण 3 ग्रॅम हळद खाल्ली जाते असं धरा, म्हणजे सपाट चमचाभर. तीही भरपूरच धरली. त्यातनं उष्मांक मिळतात दहाच्या आसपास. प्रथिनं पाव ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. लोह? 100 ग्रॅम हळद पावडरीत 50 मिलिग्रॅमच्या आसपास लोह सापडतं, हे खरं. मेसेजवाले एवढंच सांगतात. पण 100 ग्रॅम हळद कोण खातंय? 3 ग्रॅमात दीड मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली बाईमाणसाची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरलीय. त्यात वनस्पतीतलं लोह अंगी लागतं शंभरातले पाच-आठ भाग. आता सांगा, ज्या घरातल्या पोरीचं हिमोग्लोबिन आठ आहे तिला हळदीचं दूध देऊन बसायचं का? तिला डॉक्टरांची गोळी पाहिजे, पालेभाजी, कडधान्य, वर लिंबू पाहिजे. मेसेजच्या नादानं तिची गोळी चुकली तर त्याचं पाप कुणाच्या माथी?

उलटा प्रकारही आहे. कुरकुमीन पोटात लोहाला धरून ठेवतं. हळदीच्या गोळ्या भरमसाट खाऊन लोह कमी पडल्याची एका रुग्णाची नोंद 2019 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलीय.

आता कुरकुमीनचं बघू, कारण हळदीचं खरं नाव तिथंच आहे. सेलम हळदीत ते साधारण 4 टक्के धरा. म्हणजे 3 ग्रॅमात 120 मिलिग्रॅम. फोडणी आणि कुकरच्या उष्णतेत त्यातलं पाव ते निम्मं जातं, हे म्हैसूरच्या संशोधकांनी 2007 साली मोजून दाखवलंय. उरलेलं पाण्यात विरघळत नाही आणि रक्तात फार थोडं उतरतं. 1998 साली बंगळूरच्या डॉक्टरांनी नुसतं कुरकुमीन दिलं तर रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिऱ्यातलं पायपरीन दिलं तेव्हा प्रमाण वीसपट वाढलं. आपल्या आज्जीनं तेलाच्या फोडणीत हळद टाकली, आमटीला मिरं लावलं, त्यात शहाणपण आहे. पण त्याचा अर्थ हळद म्हणजे औषधाचा डोस, असा होत नाही. 2017 साली अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी कुरकुमीनवरच्या कामाचा मोठा आढावा घेतला. माणसांवरच्या 120 हून जास्त चाचण्या बघून त्यांना ठाम, पक्कं यश एकाही काटेकोर चाचणीत दिसलं नाही.

आणि जास्त खाल्लं तर? जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीनं कुरकुमीनची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागं 3 मिलिग्रॅम ठरवलीय. 60 किलोच्या माणसाला 180. आपल्या स्वयंपाकातली हळद ह्यात आरामात बसते. मेसेजवाले दोन चमचे रोज खाल्ले तर 240 होतात. इटलीत 2019 साली हळदीच्या गोळ्या खाणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आणि तिथलं आरोग्य खातं जागं झालं. जेवणातली हळद त्यात नव्हती, गोळ्या होत्या. पण बातमीत नाव हळदीचंच आलं, आणि तोटा पिकवणाऱ्याचा.

काही मंडळी म्हणतील, तू हळदीची बदनामी करतोयस. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, अमेरिकेनंसुद्धा पेटंट घेतलं होतं. मग ती पेटंटची गोष्ट नीट सांगू की. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं. 1997 साली पेटंट रद्द झालं. कशाच्या जोरावर? मोर्चा काढून नाही. जुने ग्रंथ आणि 1953 सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे बत्तीस लेखी पुरावे पुढं ठेवले. दावा जखमेपुरता, पुरावाही जखमेपुरता. म्हणून टिकला. जी लढाई आपण कागद दाखवून जिंकली, तिचं नाव घेऊन आज आपण कागद नसलेले दावे फिरवतोय. हे कसं जमायचं?

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. लोकांच्या पोटाशी हळदीचा खरा संबंध पोषणापेक्षा शुद्धतेचा आहे. ह्यावर आपण गप्प आहोत.

बांगलादेशात काय झालं बघा. 1980 च्या दशकात मोठ्या पुरानं हळद भिजली, रंग उतरला. विकायला अडचण आली म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट टाकायला सुरुवात झाली. पिवळाधमक रंग, आत शिसं. शिसं पोरांच्या मेंदूवर जातं, गरोदर बायांना बाधतं. 2019 साली संशोधकांनी हे उघड केलं. सरकारनं बाजारात छापे घातले, दंड केले, लोकांना समजावलं. 2019 साली बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं, 2021 पर्यंत ते शून्यावर आलं. दोन वर्षांत. आपल्या देशातही 2024 साली छापलेल्या पाहणीत पाटण्याच्या काही नमुन्यांत शिसं भयंकर निघालं. आपल्या कायद्यात हळदीला शिशाची मर्यादा किलोमागं 10 मिलिग्रॅम आहे. तिथं ती शेकडो पटींनी ओलांडलेली होती.

सांगलीत असं होतंय असं मी म्हणत नाही. पण पुरानं भिजलेली हळद आपण 2005, 2019, 2021 ला बघितलीय. रंग उतरलेल्या मालाला सौद्यात काय किंमत मिळते तेही बघितलंय. सौद्यात माल बघून बोली लागते. हळकुंडाची लांबी, जाडी, वरची चकाकी. आत कुरकुमीन किती आणि शिसं आहे का, हे डोळ्याला दिसत नाही. जिथं चकाकीला पैसा आहे तिथं रंगाचा मोह कधीतरी होणारच. हा मोह मोडायचा तर मोजमाप पाहिजे.

मोजमापाचा आपल्यालाच फायदा आहे. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची फुले स्वरूपा घ्या, कुरकुमीन 5 टक्क्यांच्या वर. राजापुरी 6 च्या पुढं सांगितली जाते. सेलम 4 ते साडेचार. कृष्णा 3 च्या आत. तरी बहुतेक रानांत सेलमच आहे, कारण उत्पादन जास्त आणि दर वजनावर. त्यात शेतकऱ्याची चूक नाही. नऊ महिने रान अडकवायचं, बेणं, भरणी, करपा, कंदमाशी, मजूर, कुकर, एवढं करून कुरकुमीनचा पैसाच मिळणार नसेल तर तो वजनच बघणार. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मिळाला. वायगावला आधीच होता, वसमतलाही 2024 ला मिळाला. निजामाबादला जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. शिक्के आले, मंडळ आलं. पोत्यावर आकडा कधी येणार?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मार्केट यार्डात सौद्याआधी नमुना तपासायची सोय पाहिजे. कुरकुमीन, ओलावा आणि शिसं, तीनच गोष्टी. शिसं बघणारं हातातलं यंत्र असतं, बांगलादेशात बाजारात तेच वापरलं.

अहवाल शेतकऱ्याच्या हातात पाहिजे, व्यापाऱ्याच्या खिशात नको.

शेतकरी कंपन्यांनी पिशवीवर "रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी" असलं काही छापायचं बंद करावं. वाण, काढणीचा महिना, कुरकुमीन टक्के आणि शिशाचा अहवाल छापावा. शहाण्या गिऱ्हाईकाला हेच पाहिजे असतं.

आणि आपण, म्हणजे तुम्ही-मी: पॉलिशच्या ढोलात रंग टाकून देतो म्हणणारा भेटला तर त्याला तिथंच उभा करा. कमी चकाकीची हळद कमी दरानं जाईल, जाऊ दे. कृषी सहायक, डॉक्टर मंडळींनाही विनंती, कार्यक्रमात हळदीचे चमत्कार सांगण्याऐवजी हे आकडे सांगा.

हळद आपल्या लग्नात लागते, जेजुरीला उधळली जाते, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर लागते. तिला मोठं करायला खोट्याची गरज नाही. आमटीत रंग, वास आणि थोडा गुण, एवढं ती इमानानं देते. तेवढंच सांगून विकू आणि ती स्वच्छ आहे हे कागदावर दाखवू.

ह्या वर्षी माझ्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतोय. येईल तो आकडा, चांगला असो वाईट असो, इथंच टाकीन. ज्यांना बरोबर यायचंय त्यांनी आपला नमुना तयार ठेवा, चार-पाच जण मिळून पाठवलं तर खर्च वाटून जाईल.