पत्ता विचारण्याचे सुख कोणाचे?

दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि आता ब्लॉगांवरही एक लेख पुनःपुन्हा वाचायला मिळतो. लेखक बदलतो, लेख तोच राहतो. लेखक मोटारीने कोठेतरी निघालेला असतो. समोर पडद्यावर निळी रेषा, कानांवर यंत्राचा निर्विकार आवाज. मग त्याला पूर्वीचे दिवस आठवतात. फाट्यावर थांबायचे, काच खाली करायची, पारावरच्या म्हाताऱ्याला पत्ता विचारायचा. तो ‘ह्ये काय, हाकेच्या अंतरावर’ म्हणत दोन कोसांवरचे गाव दाखवायचा आणि वर चहाचा आग्रह करायचा. जीपीएसने हा संवाद संपवला, माणूस माणसाला पारखा झाला, असा सुस्कारा टाकून लेख संपतो.

या लेखाला माझा विरोध आहे. तो भाबडा आहे म्हणून नव्हे. भाबडेपणा ललितलेखनात क्षम्य असतो. विरोध यासाठी की, ज्या संवादाचे तो गोडवे गातो तो संवाद सर्वांच्या वाट्याला कधीच आलेला नव्हता, ही गोष्ट तो सोयीस्करपणे विसरतो.

आपल्याकडे पत्ता विचारला की आधी उलटप्रश्न येतो. ‘कोणाकडे निघालात? कुठले पाहुणे? आडनाव काय?’ रस्ता दाखवला जातो तो या प्रश्नांच्या उत्तरानंतर. माझे एक सहकारी, मराठीचेच प्राध्यापक, संशोधनाच्या काळात लोकगीते गोळा करत खेडोपाडी हिंडत असत. आडनाव सांगितले की समोरच्याचा आवाज बदलतो, हे त्यांनी इतक्या वेळा अनुभवले की पुढे ते आडनाव न सांगताच रस्ता काढायला शिकले. ते विचारत शाळेचा रस्ता. त्यांना दाखवला जाई गावाबाहेरच्या वस्तीचा. आणि त्या वस्तीचे नाव काय? महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती. आपल्या गावांतले पत्ते याच शब्दांनी सांगितले जात होते. वस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. पारावरच्या ज्या संवादासाठी आपण हळहळतो, त्याचा शब्दसंग्रह हा होता.

माझा अनुभव वेगळा, पण जातकुळी तीच. परीक्षेच्या कामासाठी मला आडगावच्या महाविद्यालयांत जावे लागते आणि परतताना बहुधा अंधार पडतो. पूर्वी काच खाली करून रस्ता विचारला की पहिला प्रश्न येई, ‘एकट्याच?’ विचारणाऱ्याच्या मनात काळजी असेल, कुतूहल असेल, आणखी काही असेल; चालत्या मोटारीतून ते ओळखता येत नाही. मॅप लावायला लागल्यापासून काच वर राहते. कोण, कुठली, कशाला, एकटी का, यांतले काहीही न सांगता एखादी बाई अनोळखी रस्त्याने मुक्कामाला पोचू शकते. माणुसकीचा ऱ्हास झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी तो कोणाच्या दृष्टीने झाला हेही सांगावे.

विरुद्ध बाजूकडे एक गंभीर पुरावा आहे, तो टाळून चालणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ मॅपच्या भरवशावर निघालेली एक मोटार रात्री धरणाच्या पाण्यात शिरली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. तिथला जुना पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली जातो, हे परिसरात सर्वांना माहीत होते. ‘विचारले असते तर वाचले असते’, असे लगेच म्हटले गेले. पण मध्यरात्री विचारायचे कोणाला? जे ज्ञान गावाच्या केवळ तोंडी आहे, ते परक्याच्या उपयोगाचे नसते. ते रस्त्यावरच्या फलकावर यायला हवे होते, नकाशात यायला हवे होते. कोतूळची दुर्घटना यंत्र फार बोलते म्हणून घडली नाही. गावाला माहीत असलेली गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही म्हणून घडली.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ वेळेचे आणि स्वतःच्या स्थानाचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपल्या मोटारीतला ग्राहक आपण कोठे आहोत हे गणिताने काढतो. तो फक्त ऐकतो, उपग्रहाला काहीच कळवत नाही. पूल, घाट, एकेरी रस्ता यांतले उपग्रहाला काही ठाऊक नसते. ते नकाशातून येते. आणि नकाशा ही संहिता आहे. तिला कर्ता असतो, आवृत्ती असते, गाळलेल्या जागा असतात. संहिता कशी वाचावी हे शिकवणाऱ्या आपण मंडळींनी तिच्यापुढे मान तुकवावी किंवा तिच्या नावाने गळा काढावा, ही दोन्ही टोके लाजिरवाणी आहेत.

म्हणूनच यंत्र निवडताना पडद्याचा आकार दुय्यम मानावा. पहिला प्रश्न हा की, नकाशा यंत्रातच साठवलेला आहे की दर वळणाला जाळ्यावरून मागवला जातो? साठवलेला असेल तर वरंधा किंवा ताम्हिणी घाटात मोबाईलची रेंज गेली तरी तो चालतो. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. फोनवरच्या मॅपमध्ये आपण कोठून कोठे गेलो, किती वाजता गेलो, कोठे किती थांबलो याची नोंद कंपनीकडे होऊ शकते. पारावरचा उलटप्रश्न इथे मागच्या दाराने परत येतो, फक्त तो ऐकू येत नाही. तेव्हा प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, प्रवासाच्या नोंदी ठेवण्याची सोय बंद करावी. जमल्यास निव्वळ ऐकणारे स्वतंत्र यंत्रच घ्यावे. त्याचा नकाशा मात्र वेळोवेळी अद्ययावत करावा लागतो. परक्याला न विचारता जाता येणे हे स्वातंत्र्य असेल, तर ते पुरते घ्यावे.

वापरताना कस लागतो तो भाषेचा. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, द आणि ड एक होतात. वडगाव आणि वाडगाव सारखेच लिहिले जातात. खुर्द आणि बुद्रुक हे फारसीतून आलेले धाकट्या-थोरल्याचे भेद. त्यांतले एक अक्षर चुकले तर आपण नदीच्या दुसऱ्या काठावर उतरतो. म्हणून गावाबरोबर तालुका तपासावा, निघण्यापूर्वी सगळा मार्ग एकदा डोळ्यांखालून घालावा आणि पावसाळ्यात यंत्राच्या ‘जवळच्या रस्त्या’वर संशय घ्यावा.

पण सर्वांत मोठे काम आपल्या विभागांचे आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही रस्ता, पूल, वस्ती नोंदवता येते आणि गावाचे नाव मराठीत, देवनागरीत लिहिता येते. स्थळनामांवर प्रबंध लिहून घेणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी विद्यार्थ्यांना आपापल्या गावाची नावे तिथे लिहायला लावली? कोणत्या वस्तीचे कोणते नाव लिहायचे, यावर वर्गात वाद होईल. तो व्हावा. वस्तीतल्या मुलामुलींनी आपल्या वस्तीचे नाव स्वतः ठरवून नकाशावर लिहिणे, हा पारावरच्या चहापेक्षा मला अधिक मोलाचा संवाद वाटतो.